बदनापूरच्या खाणीतला समुद्र

अर्धी गोष्ट कळली की ती पूर्ण कळली असं जाहीर करून टाकायची मला खोड आहे. या खोडीपायी मी एकदा बदनापूरला समुद्र आणला होता, आणि तो माझा मलाच परत घालवावा लागला.

बहात्तरच्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली होती. मी बदनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. आमच्या बौद्ध वस्तीतली बी.एस्सी. झालेली मी पहिली मुलगी, आणि त्याचा मला माज नव्हता असं म्हटलं तर ते खोटं होईल. बा गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत दगड फोडायचा. एका संध्याकाळी त्यानं भाकरीचं फडकं सोडलं आणि त्यातून मूठभर दगड माझ्यापुढं ठेवले.

"दगडात गोगलगाया घावल्या बघ," तो म्हणाला. "मुकादम म्हनला, फेकून दे. मी म्हनलं, पोरीला दाखवतो."

बोटाच्या पेराएवढे शंख होते ते. वळसे, शेंडा, तोंड, सगळं जागच्या जागी. फक्त अंगानं दगड झालेले. खाणीत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये वीतभर जाडीचा पांढुरका पट्टा होता. काळ्या दगडावर हातोडा मारला की खणखणीत आवाज येतो. हा पांढरा मात्र बद्द वाजायचा, आणि बद्द वाजणारा दगड खडीला चालत नाही. म्हणून सगळे तो बाजूला फेकत. पुढं बानं आठवडाभर त्याच ढिगात बसून जेवणाच्या सुट्टीत चाळीसेक शंख सोडवून आणले.

शंख म्हटलं की समुद्र. मी पुढचा काहीएक विचार न करता शिक्षकांच्या खोलीत सांगून टाकलं की आपल्या गावात एके काळी समुद्र होता. हेडमास्तर खुर्चीतून उठलेच. त्यांनी औरंगाबादच्या कॉलेजातल्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना पत्र लिहिलं. उलट टपाली कार्ड आलं: आपल्याकडचा काळा दगड लाव्हाचा आहे, त्यात समुद्री शंख मिळतील असं वाटत नाही, तरी रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं येऊन पाहतो.

"बाई, आता शाळेच्या इज्जतीचा सवाल आहे," हेडमास्तर म्हणाले. त्यांनी सरपंचांना बोलावलं, पालकांना बोलावलं. ड्रॉइंगच्या मास्तरांनी मोठ्या फळ्यावर रंगीत खडूनं 'येथे समुद्र होता' असं लिहिलं आणि खाली लाटा काढल्या. हौसेनं एक शिडाचं जहाजही काढलं.

गणिताचे मास्तर गावातल्या मोठ्या जमीनदार घरातले. ते मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "बापानं दगड आणले, लेकीनं समुद्र आणला. रविवारी बघू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला कुणी हसलं असतं तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण प्राध्यापकांनी दगड बाजूला सारले, तर गाव बाला हसणार होतं, आणि तो मात्र वस्तीभर सांगत फिरत होता की औरंगाबादहून साहेब येऊन राह्यला, आमच्या पोरीचं काम बघायला.

शनिवारी दुपारी मुकादम आमच्या दारात उभा राहिला. तो वस्तीत असा पहिल्यांदाच आला होता. हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"बाई, ते शंख वापस द्या. एक मी घरी नेल्ता. माझी माय म्हनली, ह्यो दक्षिणावर्ती हाय. लाखात एखादा घावतो. देवघरात ठेवायचा असतो."

"फेकून दे कोण म्हणालं होतं?" मी विचारलं.

"गलती झाली," तो म्हणाला. एवढा मोठा माणूस खाली मान घालून उभा राहिला, तशी मी जरा निवळले. आमच्या घरात देवघर नाही, त्यामुळं दक्षिणावर्ती म्हणजे काय हे मला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. मी त्याला तसं विचारलं.

त्यानं फडकं सोडलं. आत त्याच्या घरातला पूजेचा शंख होता. तो त्यानं तळहातावर ठेवला, तोंड वर आणि शेंड्याचं फुंकायचं टोक स्वतःकडं. "बघा, ह्याचं तोंड डाव्या अंगाला. समद्यांच्या घरी असाच असतो." मग बाच्या दगडांमधला एक उचलून तसाच ठेवला. "आन् ह्याचं उजव्या."

मी सगळे शंख जमिनीवर ओळीनं मांडले. एकूण एक उजव्या तोंडाचे. लाखात एखादा म्हणतात, आणि इथं तर सगळेच! मुकादमाचे डोळे चमकले. मला मात्र शंका आली: समुद्रातले असते तर सगळेच्या सगळे असे उलटे कसे?

ट्रंकेतून कॉलेजचं पुस्तक काढलं. पुस्तकात शंख शेंडा वर करून उभा काढतात, म्हणून मुकादमाचं उजवं तिथं डावं होतं. हे समजेपर्यंत मी आणि मुकादम बराच वेळ एकाच शंखावरून भांडत होतो. एकदा ते जुळलं, आणि पान सापडलं. समुद्रातल्या शंखांची तोंडं जवळजवळ सगळी एकाच बाजूला. ज्यांची झाडून सगळी उलट्या बाजूला, अशा गोगलगायींचं एक कुळ होतं, चित्रासकट. चित्र आणि दगड यांत काडीचा फरक नव्हता. आणि ते कुळ राहायचं गोड्या पाण्यात, तळ्यात.

म्हणजे समुद्र नव्हताच. तळं होतं. एक लाव्हा येऊन निवला, त्यावर तळं साचलं, गोगलगायी पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदल्या, आणि मग वरून दुसरा लाव्हा आला. मी आनंदानं उडीच मारली, आणि मग फळ्यावरचं जहाज आठवून मटकन खाली बसले.

संध्याकाळी बाला सगळं सांगितलं.

"चुकलं तं चुकलं म्हन," तो म्हणाला. "पर बराबर काय हाय ते बी तूच सांग. त्यो साहेब बोलायच्या आधी."

रविवारी शाळेचा मोठा वर्ग भरून गेला. प्राध्यापकांनी भिंगातून एकेक शंख पाहिला, फळ्यावरचं जहाज पाहिलं, आणि बोलायला तोंड उघडलं. मी डस्टर उचललं आणि 'समुद्र' पुसून टाकला. गणिताचे मास्तर खुसकन हसले. मी त्यांच्याकडं बघून मोठ्या अक्षरात लिहिलं: तळं. मग शंख हातावर कसा धरायचा तिथपासून दोन लाव्हांपर्यंत सगळं सांगितलं, आणि ही खूण मला मुकादमाच्या आईमुळं कळली हेही सांगितलं. मुकादम मागच्या बाकावर ताठ बसला.

प्राध्यापकांनी पिशवीतून एक डबी काढली. आत तसेच शंख होते. "हे नागपूरकडचे. बाईंची चूक दाखवायला आणले होते," ते म्हणाले. "बाईंनी मला बोलायला काही ठेवलंच नाही. आणि या बाजूला असे शंख मी आजवर पाहिले नव्हते." हेडमास्तरांनी टाळ्या सुरू केल्या. गणिताच्या मास्तरांनाही वाजवाव्या लागल्या. इतका आनंद मला बी.एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता.

"पण हे शोधले कुणी?" प्राध्यापकांनी विचारलं. मी दाराशी उभ्या असलेल्या बाच्या दिशेनं बोट दाखवलं.

मग सगळं गाव बाच्या मागून खाणीत गेलं. मी मुकादमाला एक शंख देवघरासाठी दिला. बानं पांढऱ्या पट्ट्यावर हातोडा हलके वाजवत जागा हेरली, छिन्नी लावली, आणि एका घावात दगड पुस्तकासारखा उघडला. आत तीन शंख. प्राध्यापक पँटची पर्वा न करता त्याच्या शेजारी मातीत बसले आणि वहीत लिहू लागले.

"साहेब, केवढं असंल हो तळं?" बानं विचारलं. "कोसभर?"

"जास्तही असेल."

बानं खाणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "एवढं मोठं. आन् पानी भरायला कोनालाच मनाई न्हाई."

"बा, तेव्हा माणूसच नव्हता," मी म्हणाले.

"तेच म्हनून राह्यलो मी," बा म्हणाला.

प्राध्यापकांचं लिहिणं थांबलं. सरपंच दुसरीकडं बघायला लागले. आणि बा हसला, खाणीभर ऐकू जाईल असा, आणि आमची सगळी वस्ती त्याच्याबरोबर हसली.