पांगाऱ्याखालची माती

"उद्या तो कडेचा वाफा फोडतायत," हौसा म्हणाली.

कातळाचा सडा अर्धा चालून झाला होता. मागे वाडी खाली दडली होती आणि पुढे हेदवीची झाडी अजून दिसायची होती. मध्ये नुसता काळा कातळ, त्याच्या भेगांतून उभं वाळलेलं गवत, आणि दोघी बायका. माघी चतुर्थीला हेदवीच्या गणपतीला चालत जायचं, ही त्या घरातल्या बायकांची जुनी रीत. घरापासून इथवर हौसाने तोंड उघडलं नव्हतं, आणि उघडलं ते हे सांगायला.

"फोडू दे की वैनी," मालन म्हणाली. "दुसरीकडे बांधतील."

"दुसरीकडं नाय बांधत. गाडी वळत नाय म्हणतो दीपक. वाफ्यातली माती पार्किंगच्या भरावात टाकणार. वर खडी, नि खडीवर पावण्यांच्या गाड्या." हौसाने हातातली फडक्याची पुरचुंडी या हातातून त्या हातात घेतली. "पोरीच्या अंगावरनं गाड्या जाणार, वन्सं."

मालनचा पाय जागच्या जागी थांबला. कुठली पोर, हे तिने विचारलं नाही. त्या घरात एकच पोर अशी होती, आणि तिच्याबद्दल चाळीस-बेचाळीस वर्षांत कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

मालन ही हौसाची नणंद, महिपतची धाकटी बहीण. हौसा लग्न होऊन आली तेव्हा मालन परकर-पोलक्यात होती, तरी नणंद म्हणून हौसा तिला वन्सं म्हणायची आणि तुम्ही म्हणायची. पुढे मालन लग्न होऊन पोफळीच्या कॉलनीत गेली, नवरा पॉवरहाऊसमध्ये, ती अंगणवाडीत. दोघी म्हाताऱ्या झाल्या. 'तुम्ही' कधीतरी गळून पडलं, 'वन्सं' तेवढं राहिलं.

हौसाचं आयुष्य म्हणजे काय, तर त्या वाडीतल्या कुठल्याही बाईचं असतं तसंच. महिपत मुंबईला एका गोदामात. शिमग्याला यायचा, गणपतीला यायचा. बाकीचं वर्ष ही घर ओढायची. सासू-सासऱ्यांचं केलं, राब भाजले, लावणी केली, डोक्यावरून भारे वाहिले. लावणीला तिचा गळा सगळ्यांच्या वर असायचा. दिसायला राकट आणि बोलायला तिखट. मुलगा दीपक लहानपणी नदीवर पळून गेला तेव्हा तिने त्याला नांगराच्या जूला बांधून ठेवला होता आणि शेजारी बसून भाकरी भरवली होती. अशी बाई.

तिच्या दोन सवयी मात्र वाडीत सगळ्यांना ठाऊक होत्या. एक म्हणजे, कुणाच्याही मुलीला ती नावाने हाक मारत नसे. शेजारची असो, भाचरं असोत, सगळ्या 'बाय'. "ए बाय, हिकडं ये गो." आता सूनही बाय. दुसरी सवय पांगाऱ्याची. खालच्या भातखाचराच्या मेरेवर, म्हणजे बांधावर, पऱ्याच्या ओढ्याकाठी एक जुना पांगारा होता. मेरेची उंची चांगली पुरुषभर, आणि तिथे झाडाची सावली गच्च. जागा वाईट म्हणून बायका तिथून झपझप जायच्या. हौसा लावणीत जेवायला तिथेच बसायची, एकटी. वाडीतली गंगुबाई म्हणायची, "हिला भुतं काय करतील? भुतंच हिला भितात." हौसा म्हणायची, "मग तू पन ये की, तुला पन भितील." आणि पुन्हा तिथेच बसायची.

त्या झाडाखाली काय होतं ते मालनला माहीत होतं. हौसाची कूस लग्नानंतर बरीच वर्षं उजवली नव्हती. उजवली तेव्हा मुलगी झाली. पाचवी पुजली. सटवाईने लिहावं म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवली. मालन पोफळीहून बारशाला निघाली, पिशवीत स्वतः शिवलेली कुंची, लाल काठाची. आत्याने नाव ठेवायचं म्हणून एसटीत ती सारखं ते नाव मनात घोळवत होती. उंबऱ्यात पाय ठेवला तर घरात चूल पेटली नव्हती. पोर सकाळी गेली होती. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीच देतात. महिपत आणि सासरे फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. बाईमाणसाने जायचं नसतं, आणि बाळंतिणीने रडायचंही नसतं, पुढच्याला बाधतं म्हणतात. हौसा रडली नाही. मालन कुंची तशीच घेऊन परत गेली.

"त्यांनी मला येकदाच सांगितलं होतं," हौसा चालता चालता म्हणाली. ते म्हणजे महिपत, आता तोही नाही. "पांगाऱ्याखाली हाय. कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर पऱ्यातला धोंडा ठेवलाय, मधोमध पांढऱ्या शिरेचा. बस. मग त्यांनी नाय नाव काढलं नि मी नाय काढलं. नाव तरी कुठलं काढायचं?"

दीपक तिच्यानंतर तीन वर्षांनी झाला. त्याला यातलं काही ठाऊक नाही. मुंबईतली कंपनी बंद झाली तसा तो दोन वर्षांपूर्वी बायकोला घेऊन गावी आला. सड्याच्या कडेला, रस्त्यालगत, स्वतःच्या जागेत चार खोल्या बांधल्या, पाहुण्यांना राहायला. सून मृणाली डोंबिवलीची. पोरगी गुणाची. कातळावर बाग होत नाही असं सगळे म्हणाले तेव्हा तिने फोनवर व्हिडिओ बघून बघून बागेचा आराखडाच काढला. जमिनीत खणायचंच नाही, कातळावर चिऱ्यांचे उंच वाफे बांधायचे. रुंदी अशी की दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचावा. तळाला सोललेल्या नारळांची सोडणं, वर सुका पाला, शेणखत आणि मग माती. वाफ्यांच्या मधून लाल खडीच्या पायवाटा आणि प्रत्येक वाफ्यात ठिबकची काळी नळी. आपल्या ताटातली भाजी पाहुण्यांनी आपल्या हातांनी खुडायची, अशी तिची हौस.

चिऱ्यांचे ते लांबट वाफे रांगेने बांधून, मातीने भरून झाले, तेव्हा गंगुबाई बघायला आली होती. कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "काय रे दीपका, येवढी मानसं कधी मेली तुझ्या घरात?"

सगळे पोट धरून हसले. मृणालीही हसली. हौसा तेवढी हसली नाही. ती तेव्हाच भावाकडून परतली होती, पायात चपला तशाच. रिकामे वाफे बघून गेलेली बाई भरलेले वाफे बघत होती.

"माती कुठची आणलीस?" तिने विचारलं.

"आपल्याच खाचरातली, आये. पांगाऱ्याखालची मेर फोडली. काय माती होती! काळीभोर. टेम्पोवाला म्हणाला, सोनं आहे सोनं."

"मी काय बोलणार, वन्सं?" हौसा सड्यावर उभी राहून विचारत होती. वारा तिचा पदर ओढत होता. "त्याला सांगू, तुझ्या भनीवर तू वांगी लावलीस? भरलं वांगं करून खाल्लंन त्यानं, पावण्यांना घातलंन. आता सांगितलं तर जन्मभर जेवायचा नाय माझा पोरगा."

"पण कुठल्या वाफ्यात काय आलं, कसं कळणार वैनी? टेम्पोभर माती ती."

"मला पन वाटलं, नाय कळायचं. मग तो धोंडा दिसला." मृणालीला तो दगड कडेच्या वाफ्यात माती भरताना मिळाला होता. पांढऱ्या शिरेचा, गुळगुळीत. तिने धुऊन त्याच वाफ्याच्या कोपऱ्यात शोभेला ठेवला. आणि दगड एकटा दिसतो म्हणून शेजारी एक सोलरचा दिवा खोचला. "न कळता खोचलान गो. पन रोज तिन्हीसांजेला तो आपोआप लागतो. कोण लावीत नाय नि लागतो. नि त्याच वेळेला ठिबक चालू होतं." हौसाने आवाज खाली आणला. कातळावर ऐकायला कुणी नव्हतं, तरी आणला. "तू कधी कान देऊन ऐकलंस त्याला? चुटुक, चुटुक, चुटुक. थांबतं. परत चुटुक चुटुक. पोर अंगावर पितं तसं. ह्या वयात, वन्सं, माझा ऊर भरून येतो. दुखतो. मला हात धरून बसावं लागतं."

काल संध्याकाळी मालनही बागेत उभी होती. वाफ्यांची रांग, लाल खडी, आणि कडेला तो थंड पांढरा दिवा. वैनी एकेका वाफ्याच्या चिऱ्यावरून हात फिरवत चालली होती, अंगणवाडीत मुलं झोपली की मालन चालायची तशी, पाय न वाजवता. कडेच्या वाफ्यातला लाल माठ गुडघ्याच्या वर गेला होता, तुरे आले होते, कुणी खुडलाच नव्हता. मृणालीने मालनजवळ गाऱ्हाणंच केलं होतं. "आत्या, आईंना माझ्या बागेतलं चालत नाही बहुतेक. त्या वाफ्यातली भाजी केली की पानावरून उठतात. मी काही चुकले का?"

"नाही गं," मालन म्हणाली होती, काही ठाऊक नसताना.

देऊळ दिसू लागलं तसं बोलणं थांबलं. पायऱ्यांशी माणसं, हार, नारळ, माघी चतुर्थीची गर्दी. मालनने चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतला. मागे बघते तर हौसा खालीच उभी, पुरचुंडी छातीशी धरून.

"चल ना वैनी."

"तू जा. मी नाय येत आत."

"एवढं चालत आलीस ती काय दुकानं बघायला?"

"जा म्हनते ना. माझा बी हात जोड."

मालन एकटीच आत गेली. दहा हातांच्या देवापुढे उभी राहिली. मागणं काय मागायचं ते तिला नेहमी पाठ असायचं, सगळ्यांना सुखी ठेव, नातवाचं शिक्षण, नवऱ्याचे गुडघे. आज यातलं काही ओठांवर येईना. नुसता नमस्कार करून ती बाहेर आली, प्रसादाचा अर्धा मोदक हौसाच्या हातावर ठेवायला गेली, तर हौसाने हातच मागे घेतला.

"हात धुतल्याबगर नको. माती हाय."

मग मालनच्या ध्यानात आलं. पुरचुंडीत देवाला वाहायचे तांदूळ नव्हते.

परतीच्या वाटेवर, सड्याच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीशेजारी हौसा बसली. फडकं मांडीवर सोडलं. काळी, दमट माती, तिच्यात माठाचं एक मूळ.

"आज पाटे, अंधारातच, वाफ्यातनं काढली. म्हटलं देवाच्या दारात आणून सोडू, तो बघंल काय ते. नि पायरीशी आल्यावर समजलं, असली माती घेऊन देवळात पाय कसा ठेवू? नि देवाला तरी काय सांगू, कोन आनलंय म्हनून? ह्या मुठीत ती हाय का नाय, ते मला कुठं कळतंय. सगळा वाफाच तिचा. सगळा वाफा मी डोक्यावरनं नेऊ व्हय?"

"दीपकला मी सांगते," मालन म्हणाली. "त्याला कारण नाही सांगायचं. नुसतं म्हणते, तेवढा वाफा ठेव. माझं ऐकेल तो."

"औंदा ऐकंल. पुढल्या साली दुसरं कायतरी काढंल. नि तू काय रोज येनार हायस पोफळीहून राखन करायला?" हौसाने फडक्याच्या कडा मिटल्या. "तसं नको. मी तिला तिथनं नेते. पऱ्याच्या वरच्या अंगाला, आंब्याखाली, तिथं कोन खनत नाय. मी जागा बघून ठेवलीय."

"कशी नेणार?"

"हाक मारून." तिने हे अगदी सरळ सांगितलं. "मूठभर माती पुरंल. पन ती आपनहून यायला पायजे ना गो त्या मुठीत. पोर झोपलेलं असलं तर आपन काय करतो? नाव घेऊन उठवतो. मी चाळीस वर्सं पांगाऱ्याखाली बसले, नुसतं बाय, बाय करीत. गावातल्या सगळ्याच बाया. तिला काय कळनार, आपल्याला बोलावतायत म्हनून?"

लांब रस्त्यावरून एक गाडी गेली. हौसाने तिकडे बघितलं, गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितलं.

"तू येताना नाव धरून आली होतीस ना, वन्सं? तेव्हा? एसटीत?"

मालनने मान हलवली. ते नाव तिने नंतर कुणाला ठेवलं नव्हतं. स्वतःच्या मुलीलाही नाही. सुचलंच नव्हतं असं ती लोकांना सांगायची.

"अजून ध्यानात हाय?"

"आहे." मालनचे ओठ ते उच्चारायला हलले.

हौसाने मातीचा हात वर केला, थांब म्हणून. "मला नको सांगूस. आई पयली नसते ऐकायची. आत्यानं आधी पोरीच्या कानात सांगायचं, मग आईनं हाक मारायची. आज तिन्हीसांजेला, तो दिवा लागायच्या आधी, माझ्याबरबर वाफ्यापाशी ये. दीपक सुनेला घेऊन बाजारात जातो, घरात कोन नसेल. ओनवी हो, तोंड मातीला लाव, नि सांग तिला. मागनं कुर्र मी करीन, तुझ्या पाठीत धपाटा पन मीच घालीन, दुसरं कोन हाय घालायला? येवढं कर माझ्यासाठी. माझ्या पोरीचं बारसं राहिलंय, वन्सं. तेवढं उरकून दे."