दाजींचं न तपासलेलं वाक्य

आमच्या दाजींनी आयुष्यात एकही जेवण नुसतं जेवण म्हणून केलं नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान आखाडा बाळापूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे आणि कॉलेज सुटलं की उरलेल्या गावाला. लग्नाच्या पंगतीत वरण वाढणाऱ्याचा हात धरून ते सांगत, की या तुरीतल्या प्रथिनाचे पोटात तुकडे होणार, मग एकेक पेशी आपल्या जनुकांतल्या मजकुराची नक्कल उतरवून त्याच तुकड्यांतून स्वतःला हवं ते प्रथिन जुळवणार. तोवर पुढच्या पानांवरचा भात निवून जाई. एकदा औंढ्याच्या एसटीत, पेशी तीन-तीन अक्षरांनी वाचते हे पटवायला त्यांनी सगळ्या उतारूंकडून ‘मदन भजन करत बसत’ म्हणवून घेतलं. मग पहिला ‘म’ गाळून ‘दनभ जनक रतब सत’. कंडक्टरही सुरात सूर मिसळून होता. “एक अक्षर गळलं अन् मदन बी गेला, भजन बी गेलं,” दाजी खुशीत म्हणाले. पुराव्याशिवाय बोललेलं मात्र त्यांना खपत नसे. ताईनं लेकराला दृष्ट लागली म्हटलं, की कुणाची, कधी, पाहिलं कुणी, अशी उलटतपासणी सुरू होई.

मग त्यांच्या लेकीचं पोरगं जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर येऊ लागलं. पोटऱ्या पैलवानासारख्या भरलेल्या, म्हणून घरात सगळे कौतुक करत होते. दाजी तेवढे बघत राहिले आणि भरल्या ताटावरून उठून गेले.

नांदेडला तपासण्या झाल्या. स्नायू टिकवणारं एक प्रथिन लेकराच्या अंगात तयारच होत नव्हतं. त्याच्या मजकुरात अक्षरं गळालेली होती. आधी चालणं जाईल, पुढं श्वासही थकेल, औषधानं थोडा उशीर होईल इतकंच, असं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. दाजींनी हेच कितीदा फळ्यावर लिहून दिलं होतं.

दोष आईकडून आल्याचंही तपासणीत निघालं. लेकीची सासू म्हणाली, आमच्या घराण्यात असलं कधी नव्हतं. लेकीनं जेवण सोडलं. दाजी तिच्या सासरी गेले, तेव्हा मी बरोबर होतो. सासूसमोरच ते लेकीला म्हणाले, “तुझी चूक न्हाई, बाई. तू जन्मायच्या आधीच माझ्या अंगात नक्कल उतरताना अक्षरं गळाली. तुला मीच दिलं ते.”

लेक बापाच्या पायाशी बसून खूप रडली आणि संध्याकाळी दोन घास जेवली.

परतताना मी विचारलं, हे नक्की का.

“तिच्या आईकडून बी आलं असंल. रक्त तपासल्याशिवाय कोण सांगणार?”

“मग तपासून घ्या की.”

“काहून?” दाजी म्हणाले. “मंग तिची आई जेवण सोडंल.”

ते रक्त कधीच तपासलं गेलं नाही.

नातवाचं चालणं आता थांबलं आहे. आजोळी आला, की दाजी त्याला पाठीवर घेऊन बाजारातून फिरवतात. वाटेत कुणाला काही समजावत नाहीत. बकऱ्या, जीपा, भज्यांची कढई, दिसेल त्याबद्दल पोरगंच बोलत असतं आणि दाजी ‘व्हय, व्हय’ म्हणत चालतात. त्यांचीही पाठ आता वाकली आहे. तरी घराची गल्ली आली, की ते ती ओलांडून आणखी थोडं पुढं जातात.