मेन स्विच

वाळल्या मिरचीचा खाट नाकात शिरला, की मला खांडबाऱ्यातल्या त्या जैन व्यापाऱ्याचं दुकान आठवतं. त्यांच्या कॉम्प्युटरवर विंडोज खरी नसल्याची पाटी सारखी यायची, अपडेटही अडले होते. मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, म्हणजे बायोसमध्येच फेरफार करून ती कटकट मिटवायला मी बसलो होतो. दिवसभर शिंकून डोकं जड झालं होतं. नवा बायोस भरत असताना वीज गेली तर मशीन कायमचं बंद पडेल, हे शेठजींना बजावूनच मी तो भरायला लावला होता. दिवस मावळल्यावर ते जेवत नसत, म्हणून ऊन उंबऱ्यावरून सरकताच ते लगबगीनं उठले, तसबिरीला हात जोडले आणि रोजच्यासारखा मेन स्विच खाली ओढला. लगेच वर केला. पंखा फिरला, कॉम्प्युटरचा पडदा काळाच राहिला. "मन्हा हातच चालना गया, भाऊ," म्हणत ते पुन्हा गादीवर टेकले. थोड्या वेळानं मी म्हटलं, तुम्ही जेवून या. "दिन बुडी गया. आते सकायच जेवसू." आम्ही दोघं मिरचीच्या पोत्यांमध्ये नुसते बसून राहिलो. अजूनही अपडेट चालू असताना 'कॉम्प्युटर बंद करू नका' अशी ओळ दिसली, की माझी नजर आधी खिडकीतल्या उन्हाकडे जाते.