दोघांची एकच ड्यूटी

विमानतळावर तिला सगळे पळाताई म्हणत. त्याचा तिच्या स्वभावाशी काही संबंध नव्हता, कामच तसं होतं. एका विमानातून उतरून दुसऱ्या विमानात बसायचं असलेली माणसं ज्या दारातून बाहेर पडत, त्या दाराशी ती पाटी धरून उभी राहायची आणि ज्यांच्याकडे वेळ कमी, त्यांना ओरडून सांगायची, "पळा, पळा! डावीकडं, जिन्यानं वर!" म्हातारे, लेकुरवाळ्या, सुटाबुटातले साहेब, सगळे तिच्या एका शब्दासरशी धावत सुटायचे. घरी तिचं एवढं कुणी ऐकत नसे, पण घरी कुणाचं ऐकतात म्हणा.

त्या शहरात बघण्यासारखं काही नव्हतं. विमान कंपनीला त्याचं सोयरसुतक नव्हतं, कारण कंपनीनं आणलेली बहुतेक माणसं इमारतीच्या बाहेर पाऊलच टाकत नसत. शहर सगळ्यांच्या बरोब्बर मध्ये होतं, तेवढा गुण कंपनीला पुरला. आजूबाजूला लहान-मोठी बरीच गावं. कुठल्याही एका गावाहून दुसऱ्या गावाला थेट विमान न्यायचं म्हटलं तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मग कंपनीनं हिशेब असा मांडला, की सगळ्या गावांची माणसं आधी इथं आणून ओतायची, इथं एकमेकांत मिसळायची आणि इथून पुन्हा पांगवायची. एकेका गावची मूठभर मूठभर माणसं एका विमानात आली की विमान गच्च. सगळा धंदा या एका युक्तीवर उभा होता आणि चांगला उभा होता.

फक्त त्यासाठी सगळी विमानं जवळपास एकदम यायला हवीत, घटकाभर टेकायला हवीत आणि एकदम सुटायला हवीत. याला तिथले लोक 'लाट' म्हणत. लाट आली की वर माणसांचा आणि खाली बॅगांचा नुसता कल्लोळ. कुणाची काठी राहिलेली, कुणाचं पोर हरवलेलं, कुणी भलत्याच गावाच्या रांगेत शांतपणे उभं. कर्मचाऱ्यांच्या नाकी नऊ यायचे. आणि लाट ओसरली की अख्खी इमारत रिकामी. मग चहा, टवाळक्या, एकमेकांच्या साहेबांच्या नकला, पुढची लाट येईपर्यंत.

वर माणसं तिच्याकडे होती, तर खाली बॅगा तिच्या नवऱ्याकडे. तळघरातल्या बॅगा वाहणाऱ्या पट्ट्यावर तो मुकादम होता. तिथं सगळे त्याला मुकादमच म्हणत आणि पुढंपुढं तीही गमतीनं म्हणायला लागली. माणूस आणि त्याची बॅग यांना एकाच विमानात घालायचं, हे त्या नवरा-बायकोचं काम. त्यांना स्वतःला मात्र कंपनीनं कधी एका वेळेत घातलं नाही. ती सकाळच्या आणि दुपारच्या लाटेला, तो संध्याकाळच्या आणि रात्रीच्या. मुलगी झाल्यावर तर ते सोयीचंच पडलं. ती कर्मचाऱ्यांच्या फाटकातून बाहेर यायची, तो आत जायचा, आणि मधल्या दहा-पंधरा मिनिटांत पोरगी या हातातून त्या हातात जायची. लोकांनी पोरीचं नावच पाडलं, हँडबॅग.

त्या दहा-पंधरा मिनिटांत त्यांचा सगळा संसार चालायचा. "खाल्लंय, पण झोपली नाही. गणित राहिलंय. गॅसवाला येऊन गेला. तुझ्या आईचा फोन होता, तू कर." तो सांगायचा आणि ती ऐकता ऐकता त्याची कॉलर नीट करायची. भांडायचं झालं तरी तेवढ्यातच. भांडण अर्धवट राहिलं तर उद्यावर जायचं आणि उद्यापर्यंत शिळं व्हायचं. कधी दोघांना हसू आवरायचं नाही आणि पहारेकरी म्हणायचा, "घरी जाऊन हसा की हो." घरी एकत्र कधी असणार? तीन वेळा ती अर्जविनंत्या करून आली, आम्हा दोघांना एक ड्यूटी द्या म्हणून. तिन्ही वेळा तोंडाला पानं पुसली गेली. लाटेचं गणित आहे, ते तुमच्यासाठी कसं बदलणार?

मग नवे साहेब आले. त्यांनी तळघर पाहिलं, वरचा मजला पाहिला, आणि दोन लाटांच्या मध्ये माणसं चहा पिताना पाहिली. त्यांचे डोळेच पांढरे झाले. विमानं नुसती उभी, माणसं नुसती बसलेली, आणि पगार मात्र चालू! त्यांनी लाटाच काढून टाकल्या. विमानं आता दिवसभर एकसारखी, एकामागून एक येणार आणि जाणार. प्रवाशाला थोडं जास्त थांबावं लागेल, थांबेल बापडा. विमानाला थांबायला नको, ते उडालं तर पैसा. तेवढ्याच विमानांत जास्त फेऱ्या, आणि गर्दीच्या घटकेसाठी पोसलेली जास्तीची माणसंही नकोत. लोकांनी त्यांचं नाव सपाटसाहेब ठेवलं. साहेबांचं गणित मात्र चुकलं नाही, हे कबूल करायला हवं. कंपनीचा नफा वाढला.

आणि साहेबांनी एक प्रेमळ गोष्टही केली. आता वेळांचं बंधन उरलं नव्हतं, तेव्हा कंपनीत काम करणाऱ्या जोडप्यांना एकच ड्यूटी द्यायची, असं जाहीर झालं. पळाताई आणि मुकादम यांचा हसतानाचा फोटो भिंतीवर लागला. दोघांना सकाळची ड्यूटी मिळाली. लेक तेव्हा नुकतीच शिकायला दुसऱ्या गावी गेली होती. ती फोनवर किंचाळलीच, "आई, अगं शेवटी! आता तरी बसा एकमेकांच्या समोर!"

ते बसले. दुपारी चारच्या सुमारास घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा घेऊन ते समोरासमोर बसले. पहिल्या दिवशी जरा मजा वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या चहात साखर घातली तर तो म्हणाला, "मी साखर सोडलीय."

"कधी?"

"झाली की चार वर्षं."

त्यालाही तिच्याबद्दल असंच काहीबाही कळत गेलं. रात्री जळणारा दिवा त्याच्यासाठी नसतो, तिला तो लावूनच झोप लागते, तिला बातम्या चालत नाहीत, ती स्वयंपाक करताना स्वतःशी बोलते आणि कुणी आत आलं की गप्प होते. चांगली माणसं होती दोघं. कुणी कुणाला टाकून बोलत नव्हतं. पण बोलायचं तरी काय? पोरगी हातात नाही, निरोप नाही, गणित राहिलेलं नाही. दिवसभरातलं जे सांगायचं ते गाडीतून येतानाच संपायचं, आणि तेही फार नसायचं, कारण दोघांचा दिवस एकाच छपराखाली गेलेला.

दात काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग गाल असतो पण आपला वाटत नाही, तसं तिचं झालं होतं. राग यावा असं काही घडत नव्हतं. रडू यावं असंही नाही. जेवताना त्याच्या चावण्याचा आवाज यायचा, आणि तो नकोसा होतोय का हेसुद्धा तिला धड ठरवता येत नव्हतं.

कामावरही तेच. दारातून माणसं दिवसभर थोडी थोडी झिरपत यायची. हातात दोन-दोन, तीन-तीन तास असलेली माणसं. तिच्या "पळा"ची कुणाला गरज उरली नव्हती. "आरामात जा," ती म्हणायची, आणि ते आरामात जायचे. ना धांदल, ना धांदलीनंतरचा चहा. सहकारी अजून पळाताईच म्हणत, पण आता ते म्हणताना कुणी हसत नव्हतं.

असं वर्ष होत आलं. एका संध्याकाळी दोघं समोरासमोर बसलेले असताना दाराची बेल वाजली. तो उठला, तीही उठली. दोघं इतक्या घाईनं उठले की दाराशी एकमेकांना धडकले, आणि त्याच्या कोपरानं तिच्या चष्म्याची काडी वाकली. बाहेर पार्सलवाला होता. पार्सल वरच्या मजल्यावरच्या लोकांचं. त्यानं पत्ता पुन्हा बघितला, माफी मागितली आणि गेला. दोघं उघड्या दारात उभे राहिले. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाली तरी आत वळायला कुणी पुढं होईना. चष्म्याची काडी सरळ करायला ती पुष्कळ वेळ लावत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती ड्यूटी लावणाऱ्या बाईंकडे गेली. या बाई जुन्या. तीन वेळा नकार देणाऱ्याही याच, त्यामुळे ती जरा अंग चोरूनच आत शिरली.

"बाई, मला दुपारची ड्यूटी मिळेल का? सकाळचं उठणं होत नाही हो हल्ली."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि खुर्ची पुढं ओढली.

"बसा. ताई, मी सांगायला नको, पण तुम्हाला अंधारात ठेवणंही बरं नाही. तुमचे मुकादम परवाच येऊन गेले."

"कशाला?"

"हेच मागायला. दुपारची द्या म्हणाले. पाठ धरते म्हणाले."

तिनं चष्मा काढून त्याची काडी पुन्हा चाचपली. बाईच पुढं म्हणाल्या, "वरचं असो की खालचं, दुपारी एकाच माणसाची जागा आहे. मी त्यांना हो म्हटलंय, पण अजून लावलेली नाही. तुम्हाला हवी असेल तर घरी बोला आणि मला सांगा. मला कोणीही चालेल."

परत दाराशी येऊन ती पाटी धरून उभी राहिली. तिला वाईट वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी स्पष्ट वाटलं, ते हे. तो तिच्यापासून लांब जायला निघाला याचं नव्हे. तीही त्याच वाटेनं गेली होती, तिला बोलायला तोंड कुठं होतं? तो आधी गेला, याचं वाईट वाटलं. आपणच सोडून चाललोय आणि तो बिचारा एकटा पडेल, अशी जी एक टोचणी रात्रभर लागली होती, ती फुकट गेली.

संध्याकाळी जेवताना त्यानं घसा खाकरला.

"वरून काहीतरी चाललंय. मला दुपारच्या ड्यूटीला टाकणार म्हणतात."

"वरून?"

"हं. सपाटसाहेबांचं काही सांगता येतं का."

एरवी तिनं ताकास तूर लागू दिली नसती. पण त्याचं खोटं इतकं कच्चं होतं, आणि तो ताटातच बघत होता, की तिला पुढं ते वाढू देववेना.

"अहो, मीही गेले होते. आज. तेच मागायला."

त्याचा हात थांबला. पट्ट्यावर अडकलेल्या बॅगेकडे बघावं तसं त्यानं तिच्याकडे बघितलं, न रागावता, कुठं अडकलंय एवढंच शोधत. मग म्हणाला, "मग तू घे."

"नाही नाही, तुम्ही आधी सांगितलंत. तुम्हीच घ्या."

"अगं, तुला सकाळी उठवत नाही. उठताना पलंगाला धरतेस, बघतो ना मी."

"आणि तुमची पाठ? सकाळच्या विमानांच्या बॅगा जड असतात, तुम्हीच म्हणता."

"पाठ काय, दुपारीही दुखणारच. घे तू."

"मला सकाळचीसुद्धा चालेल, खरंच. तुम्ही घ्या."

पाहुण्याला शेवटचा घास वाढावा तसा ते एकमेकांना आग्रह करत राहिले. भाजी गार झाली. त्या वर्षात एका विषयावर ते इतका वेळ कधी बोलले नव्हते, आणि इतक्या मायेनंही नाही. शेवटी त्याच्या पाठीचं पारडं जड ठरलं. दुपारची त्यानं घ्यायची, असं ठरलं.

रविवारी लेकीचा फोन आला. सांगणं भाग होतं. टेबलावर मध्ये फोन ठेवून दोघं दोन्ही बाजूंना वाकले. तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यापासून मी दुपारच्या ड्यूटीला आहे."

"म्हणजे पुन्हा वेगवेगळे? कुणी मागितलं हे?"

"कंपनीनं लावलं," दोघं एकाच वेळी म्हणाले. मग त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"हे काय आता!" लेक चिडली होती. "इतकी वर्षं तुम्ही वाट पाहिलीत. आत्ता कुठं वर्षभर एकत्र होतात. मी लिहू का कंपनीला? फोटो लावता भिंतीवर, आणि—"

"नको नको!" ती घाईनं म्हणाली.

"अजिबात नको," तो म्हणाला. "वरचं काम असतं ते. आपलं कोण ऐकतंय?"

"तुम्हाला काहीच वाटत नाही का रे बाबा?"

त्यानं फोन तिच्याकडे सरकवला. तीच म्हणाली, "वाटतं गं. पण होते सवय."

लहानपणी फाटकाशी लेक रडायची नाही, पण आता रडली. आईबाबांना जरा सुखाचे दिवस आले होते आणि तेवढेही कंपनीला बघवले नाहीत, असं काहीतरी ती म्हणत होती. तिला धीर देता देता दोघांच्या नाकी नऊ आले. आम्ही ठीक आहोत, तू अभ्यास कर, सुट्टीत ये, असं आळीपाळीनं सांगून त्यांनी एकदाचा फोन ठेवला.

"बिचारी," तो म्हणाला.

"हो ना," ती म्हणाली.

आणि तिच्यासाठी वाईट वाटून घेत दोघं त्या टेबलाशी बराच वेळ बसून राहिले.