रतनबाईनं गाव गप्प केलं

पितळी चरवी माझ्याच पायानं कलंडली. एरवी अशा आवाजानं माणूस फार तर मान वर करतो. पण त्या अंधाऱ्या खोपटात पडलेला हरिबा धनगर फक्त टाचा आणि डोकं घोंगडीला टेकवून धनुष्यासारखा ताठला. त्याचा श्वास सुटेपर्यंत मी माझाही धरून ठेवला.

त्याची बायको रतनबाई ओरडली नाही. दंडाला धरून तिनं मला बाहेर नेलं आणि हळूच म्हणाली, "कंपौंडरसाहेब, वहाना भायेर काढता, तसे पाय बी भायेरच ठिवून येत जा."

ही निजामाच्या अमलातली, लिंबागणेशजवळच्या माळावरची गोष्ट. मी बीडच्या दवाखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवणारा माणूस. लोकर कातरताना हरिबाच्या अंगठ्यात कातर घुसली होती. मेंढराचं कातडं कापलं की लेंड्यांची राख दाबायची, हा धनगरांचा रिवाज. मेंढराला चालतं ते आपल्याला कावून चालणार न्हाई, म्हणून त्यानं आपल्या अंगठ्यावरही तीच दाबली. आठव्या दिवशी जबडा मिटला. धनुर्वात. अशी माणसं दवाखान्यात दर महिन्याला येत, आणि बहुतेक परत जात नसत.

डॉक्टरसाहेबांनी गुंगीचं औषध दिलं आणि बजावलं: अंधार ठेवा, आवाज होऊ देऊ नका, कोणताही झटका शेवटचा ठरू शकतो. आणि हे कुणाला सांगायचं, तर रतनबाईला! जिची हाक दोन टेकड्यांपलीकडची मेंढरं ऐकत आणि जिचं भांडण ऐकायला लोक भाकरी हातात घेऊनच ओट्यावर येत.

त्या बाईनं मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्यांत लोकर कोंबली. कुत्री भावाच्या वाड्यावर धाडली. पुजाऱ्याला गळ घालून देवळातल्या घंटेच्या लोलकाला चिंध्या बांधून घेतल्या. शेजारच्या सुग्रीवाच्या घरी लग्न होतं. तिनं जाऊन पदर पसरला, आणि सगळं वऱ्हाड हलगीशिवाय, जोडे हातात घेऊन, कुणाच्या तरी परसात चोरी करायला निघाल्यासारखं गेलं. कोंबड्याला मात्र समजावता येईना. त्याचं कालवण झालं.

हरिबाचा पुढचा एक दात पूर्वीच पडलेला होता. तो कसा पडला, हे मी विचारलं नाही. त्या फटीतून ती लोकरीच्या वातीनं थेंब थेंब दूध सोडी. हात लागला तरी झटका येई, म्हणून एरवी हातभर लांब बसून त्याच्या छातीकडे बघत राही. छाती हलली की तिचे ओठ हलत. मोजत होती की देवाशी बोलत होती, कोण जाणे.

मी दर तिसऱ्या दिवशी गुंगीचं औषध घेऊन, अनवाणी जात असे. झटके विरळ होत गेले. पंचविसाव्या दिवशी हरिबाचं तोंड बोटभर उघडलं आणि त्यानं पहिला शब्द काढला तो मेंढरांच्या चौकशीचा, बायकोच्या नव्हे. मी दचकून तिच्याकडे पाहिलं. आता गावाला ऐकू जाणार, अशी माझी खात्री होती. ती नुसतीच उठली आणि दूध कोमट करायला चुलीशी बसली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "रतनबाई, पंचवीस दिवसांचं बोलणं साठलं असेल. ते कधी काढणार?"

"आदी त्याला भाकर चावता येऊ द्या," ती म्हणाली, "मंग भांडते."