कवीच्या रकान्यात कोणाचं नाव

तिसरं गाणं संपलं तसं मी मशीन बंद केलं आणि फॉर्मवर वाकलो. प्रकार : प्रेमगीत. गायक : किसन. वाद्यं : डफ, तुणतुणं. वेळ : साडेतीन मिनिटं. पुढचा रकाना कवीचा.

"किसनराव, गाणं कोणाचं?"

किसननं डफ मांडीवर ठेवला आणि गुरूचं नाव घेताना धरतात तशा दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "संपतबुवाचं. आमचे उस्ताद."

मी लिहिलं, संपतबुवा. काम संपलं असं मला वाटलं. पुढचा दीड दिवस माझं डोकं चक्रावलेलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

मी रेडिओत रेकॉर्डिस्ट होतो. गावोगाव जाऊन गाणी टेपवर घ्यायची, हे काम. ही पन्नासच्या दशकातली गोष्ट. वाशीम जिल्हा तेव्हा नव्हता, मी गेलो होतो ते आसेगाव अकोला जिल्ह्यात होतं. टेपचं मशीन उचलायला दोन माणसं लागत. गावात वीज नव्हती, म्हणून जीपच्या बॅटरीवर एक डबा जोडायचा. बॅटरीची वीज मशीनला चालेल अशी करून देणारा हा डबा, त्याला आम्ही कन्व्हर्टर म्हणत असू. तो भुंग्यासारखा गुणगुणायचा, म्हणून जीप लांब उभी करायची आणि वायर ओढत आणायची.

आमच्या स्टेशनच्या साहेबांना अर्ध्या तासाचा कार्यक्रम हवा होता : वऱ्हाडातली खेड्यातली प्रेमाची गाणी आणि ती रचणारी माणसं. निघताना त्यांनी बजावलं होतं, "कवीच्या रकान्यात 'पारंपरिक' लिहून आणलंत तर तो टेप मी ऐकणारसुद्धा नाही."

त्याला कारण होतं. मागे एका गाण्याला आम्ही बिनदिक्कत पारंपरिक म्हणून टाकलं आणि पुढच्याच आठवड्यात ते रचणारा गृहस्थ डफ घेऊन ऑफिसात हजर झाला. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून त्यानं सगळं गाणं म्हणून दाखवलं. तेव्हापासून नियम झाला. कवीचं नाव नाही तर गाणं लागणार नाही.

तर शाळेच्या ओसरीवर मी टेप परत वाजवायला घेतला. रेकॉर्डिंग नीट झालंय का ते तिथल्या तिथे तपासावं लागतं. निम्मं गाव ओसरीपुढे बसलं होतं. किसनचा आवाज मशीनमधून आला तशी माणसं एकदा मशीनकडे बघत, एकदा किसनकडे. मी मात्र आता पहिल्यांदा शब्द ऐकत होतो. रेकॉर्डिंग करताना माझं सगळं लक्ष सुईवर असतं. आवाज केवढा येतोय ते ती सुई दाखवते. जास्त मोठा आला की ती लाल पट्ट्यात जाते, आणि किसनची सारखी जात होती.

धुय उडाली, मोटर गेली, रस्ता झाला उघडा
तिकिटावानी फाडून गेला जिवाचा अर्धा तुकडा

मी चमकलो. असं सहसा ऐकायला मिळत नाही. मग आणखी दोन कडवी, आणि शेवटी नाव :

म्हने संपतबुवा, सखे, वाट नको पाहू दारी
कापूस सरला की जिनातून येते मानूस घरी

जीन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. हंगामात इकडची माणसं तिथे कामाला जात.

"बुवा असतात कुठे? त्यांनाही भेटू," मी म्हटलं.

"बुवा कायचे भेटते जी," किसन म्हणाला. "मानमोडीच्या साथीत गेले ना. मी तवा ईस वर्साचा असन."

"आणि मोटर गावात कधी आली?"

"थे आता आता. दुसरी लढाई सरल्यावर."

मी फॉर्मकडे बघत राहिलो. मानमोडीत, म्हणजे एकोणीसशे अठराच्या तापाच्या साथीत गेलेल्या माणसानं मोटरचं तिकीट कसं फाडलं? मी नाव खोडलं. ओसरीपुढच्या लोकांना यात काही विशेष वाटत नव्हतं, हे आणखी नवल.

किसननं मला समजावलं, अगदी लहान मुलाला समजवावं तसं. गाणं कोणीही करो, शेवटच्या कडव्यात नाव गुरूचं. नाही घातलं तर समोरचा फड निगुरा म्हणतो. निगुरा म्हणजे ज्याला गुरू नाही तो. शाहिराला याहून मोठी शिवी नाही.

"बरं. मग हे केलं कोणी? तुम्ही?"

"म्या कायले करू? मी गातो."

"मग?"

"घरचंच हाय," असं म्हणून तो डफाची चामडी चोळू लागला.

मी शहाणा, फॉर्मवर 'घरचे' असं लिहिलं. मग तेही खोडलं. तुणतुणेवाल्याला विचारलं, तर तो तारेकडे बघू लागला. ओसरीपुढच्या एका म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "तुमाले गानं भेटलं ना?" सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कोणी ताकास तूर लागू देत नव्हतं.

तेवढ्यात शेषराव आले. संपतबुवांचे चिरंजीव. पांढरं धोतर, काळी टोपी, पन्नाशीला टेकलेले. त्यांचाही स्वतःचा फड होता. ते सरळ माझ्या टेबलाशी आले.

"गान्यात नाव कोनाचं हाय?"

"संपतबुवांचं."

"मंग लिवून काहून नाई राह्यले? माह्या बापाचं नाव लिवा, अन् त्याची नक्कल मले द्या."

आमच्या फॉर्मची एक प्रत गावात ठेवायची पद्धत होती. तिच्यावर शिक्का असे. गावात तो शिक्का म्हणजे सरकारचा शब्द.

"नक्कल कशाला हवी?" मी विचारलं.

"मंग ही गानी कोन गाते अन् कोनाले इचारून गाते, थे पायतो."

आता मला निदान एवढं कळलं की मी काय लिहिणार त्यावर किसनची गाणी त्याच्याकडे राहणार की जाणार हे ठरणार आहे. मी किसनकडे पाहिलं. गुरूच्या मुलासमोर, गाणं गुरूचं नाही, हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात. गाण्यात नाव बुवांचं, म्हणजे नियमानं पाहिलं तर कागद शेषरावांच्या बाजूनं होता. मला किसनचा रागच आला. अरे बाबा, बोल की.

शेषरावांना मी उद्यापर्यंत थांबा म्हटलं आणि जेवायला किसनच्या घरी गेलो.

भाकरी, झुणका, मिरचीचा ठेचा. किसनची बायको आतून वाढत होती. पन्नाशीच्या आतबाहेरची, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी. जेवता जेवता मी किसनला मधलं कडवं पुन्हा सांगायला लावलं, कारण मला ते उतरवून घ्यायचं होतं. दुसऱ्या ओळीला तो अडला. गाताना न अडणारा माणूस बोलताना अडतो. तोच आतून चुलीपाशी बसलेल्या बाईंनी ओळ पुरी केली, आणि तव्यावरची भाकर उलटली.

माझा घास हातात राहिला.

"बाई, हे गाणं तुम्ही केलं?"

"आमी कायले करू जी," त्या आतूनच म्हणाल्या. "निंदताना येते तोंडात. करावं लागत नाई."

"म्हणजे तुमचंच ना?"

"गाते कोन? थे गाते. त्याईचं नाव लिवा."

"तिचंच हाय," किसन म्हणाला. "समदी तिचीच हाये. म्या फकस्त शेवटाले बुवाचं नाव घालतो."

"लिवू नका," बाई दारात आल्या. पदर पुढे ओढलेला. "बाईमानसाच्या नावानं असं गानं रेडिओत वाजलं तं लोक काय म्हनतीन? हिचा कोनता सखा मोटरीत बसून गेलता?"

"मीच गेलतो ना," किसन म्हणाला. "जिनात."

मला सगळी गाणी पुन्हा पहिल्यापासून ऐकावीशी वाटली. हा माणूस इतकी वर्षं गावोगाव, लोकांपुढे, स्वतःच्या बायकोनं त्याच्या आठवणीत रचलेली गाणी गात होता आणि खाली मेलेल्या गुरूचं नाव घालत होता. हे त्याला कसं वाटत असेल, मला कळेना. अजूनही नीट कळत नाही.

पण फॉर्मला पुरावा लागतो. शेषरावांना तर लागतोच.

"बाई, तुम्ही म्हणताना शेवटी बुवांचं नाव घालता?"

किसननं मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "माहं शेवटचं कडवं येगळं हाय. थे त्याईनं कवा गायलं नाई. गाताही येत नाई त्याईले."

मी जीप घरापाशी आणली. वायर ओसरीत ओढली. बाई उंबऱ्याच्या आत बसल्या, किसन त्यांच्या हातभर अंतरावर, भिंतीशी. माईक मी बाईंच्या तोंडासमोर ठेवला. त्यांचा आवाज लहान होता, सुई अर्ध्यापर्यंतसुद्धा जात नव्हती. मी आवाज वाढवला. गाणं संथ होतं, डफ नाही, काही नाही. शेवटचं कडवं आलं :

कापूस सरला, जीन थांबलं, या जी आता घरी
किसनरावाचं नाव घेते उभी राहून दारी

मशीन चालू होतं म्हणून मी गप्प बसलो, नाहीतर मांडीवर थाप मारली असती. इकडे बायको नवऱ्याचं नाव एरवी तोंडात आणत नाही. घ्यायचंच तर उखाण्यात, गाण्यात. मोटर, जीन, वाट पाहणं हे सगळं रचून बाईंनी शेवटी नाव घेतलं होतं. किसनला ते गाता येत नव्हतं, कारण स्वतःचं नाव स्वतः कोण घेईल?

टेप तसाच फिरत ठेवून मी किसनला म्हटलं, "आता यांचं नाव सांगा."

"पोराईची माय," तो म्हणाला.

"किसनराव, फॉर्मवर पोरांची माय चालत नाही."

तो माझ्याकडे बघेना. भिंतीकडे तोंड केलं आणि काहीतरी पुटपुटला. ज्याच्या आवाजानं सुई सकाळभर लाल पट्ट्यात होती, त्या माणसाचं हे पुटपुटणं. सुई हललीच नाही. मी ओठांवरून ओळखलं : अनुसया. लिहून घेतलं, त्याला दाखवलं. त्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी शेषरावांना टेप ऐकवला. शेवटच्या कडव्यापर्यंत ते मिशीवर बोट ठेवून होते. मग म्हणाले, "परकी बाई किसनचं नाव कायले घेईन. गानं हिचंच हाय." थोड्या वेळानं किसनकडे वळून, "पन फडात बुवाचं नाव?"

"फडात बुवाचंच राहीन," किसन म्हणाला, आणि पुन्हा कानांच्या पाळ्या धरल्या. शेषरावांनी नक्कल मागितली नाही. ती मी बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घडी करून पिठाच्या डब्याखाली ठेवली.

ऑफिसात साहेबांनी फॉर्म वाचला. "कवयित्री अनुसया. पुरावा?"

"बाईंनी नवऱ्याचं नाव घेतलंय, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ठीक. पण हिचंच नाव अनुसया कशावरून? तुम्ही म्हणता नवऱ्यानं सांगितलं. ऐकवा."

ते नाव टेपवर आलेलंच नव्हतं. तरी मी टेप लावला. बाईंचं कडवं संपलं. माझा आवाज आला, "फॉर्मवर पोरांची माय चालत नाही." मग काहीच नाही. कन्व्हर्टरची बारीक गुणगुण. साहेब माझ्याकडे बघू लागले. आणि मग, त्या रिकाम्या जागेनंतर, अगदी स्वच्छ, बाईंचा आवाज :

"ओ."

त्या वेळी ओसरीत तो मला ऐकूही आला नव्हता. मी लिहिण्यात होतो. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं पहिल्यांदा नावानं हाक मारली होती आणि बाईंनी ओ दिली होती.

साहेबांनी तो तुकडा दोनदा ऐकला आणि सही केली. कार्यक्रम लागला, नाव सांगितलं गेलं. टेपची तेव्हा टंचाई होती, जुने टेप पुसून परत वापरत. तो पुढे पुसला गेला. पण सुई हलली नाही म्हणजे कोणी काही बोललं नाही, असं त्यानंतर मी कुठल्याच कागदावर लिहिलं नाही.