रंगवलेले खडक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हाही भेकडपणाच?

कल्याणजवळच्या विद्यापीठ-केंद्रात मी भूशास्त्र शिकवते. आमच्या इमारतीपुढे हिरवळीवर खडक मांडलेत. निवृत्त झालेल्या आमच्या सरांनी आयुष्यभर हिंडून जमवलेले — शंखांचे ठसे असलेला चुनखडक, पोटात पांढरे स्फटिक असलेला काळा पाषाण. पाहुण्यांना मी ते असल्या तोऱ्यात दाखवायचे, जसे काही मीच आणलेत.

तपासणी समिती येणार म्हटलं की आपल्याकडे काय होतं, ठाऊक आहे ना? झाडांचे बुंधे, वाटेच्या कडा, कुंड्या — दिसेल त्याला लाल-पांढरा रंग. कंत्राटावरचे माळी, बाळाराममामा, डबा घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, ह्या दगडांना पन मारू का?"

मी फोनवर होते. त्यांच्याकडे न बघताच म्हटलं, "मारा हो, सगळ्यांना मारा."

ऑइलपेंट तो. संध्याकाळपर्यंत शंख बुजले, स्फटिक बुजले. टर्पेंटाइनने घासून आम्ही ते आणखी विद्रूप केले. सर बघायला आले, एका खडकावरून हात फिरवला आणि परत गेले.

संचालकांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, रंगवायला कुणी सांगितलं? आणि मी — मी म्हणाले, अडाणी माणूस, सर, स्वतःच्याच डोक्याने केलं. जीभ जराही अडखळली नाही. मामांना कुणी काही विचारलंच नाही. सरळ काढून टाकलं.

एवढ्यावर थांबले असते तर? तरीही नालायकच ठरले असते. पण मी थांबलेही नाही. मामा केबिनबाहेर उभे होते. त्यांना म्हटलं, "मी खूप भांडले हो तुमच्यासाठी. साहेब ऐकेनातच." हे कशाला? माझं काम तर झालं होतं. मला वरून चांगलंही दिसायचं होतं — शी! आठवलं की स्वतःची किळस येते.

परवा शहाडला ते दिसले. भाजीची गाडी लावतात आता. बायकोला म्हणाले, "ह्या त्या मॅडम. आपल्यासाठी सायबाशी भांडल्या." तिने हात जोडले. नको नको म्हणत असताना माझ्या पिशवीत शिराळी कोंबली.

"अहो, त्यात काय एवढं," मी म्हटलं.

घरी आणून भाजी केली. दोनदा वाढून घेतली.